दुसऱ्याच्या नकाशाचे वारसदार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चिटणीसांनी मला इटलीच्या प्रवासाविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. तीस वर्षे मी लिहीत आलो आहे हे खरे, पण ते फायलींवर. तथापि गेल्या वर्षी परदेशगमनाची रीतसर परवानगी काढून, साठलेल्या अर्जित रजेतून, मी व सौभाग्यवती बारा दिवस रोमच्या आसपासचा ग्रामीण मुलूख हिंडून आलो. रोम शहराविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. मी बोलणार आहे ते शहराबाहेरच्या जुन्या गढ्या, 'व्हिला' आणि उद्याने यांविषयी.

'व्हिला' म्हणजे आपल्याकडे ज्याला बंगला म्हणतात तो नव्हे. उन्हाळ्यात रोमची काहिली सोसवेना, म्हणून तिथले धर्माधिकारी आणि धनिक डोंगरउतारावर जे प्रासाद बांधीत, त्यांत घरापेक्षा बागेला मान अधिक. घर हे बाग पाहण्याचे एक निमित्त.

आमचा पहिला मुक्काम तिवोली. रोमच्या पूर्वेस तासाभराच्या वाटेवर हे टेकडीवरचे गाव आहे. कार्डिनल इप्पोलितो देस्ते 1550 साली येथे प्रशासक म्हणून आला आणि पिर्रो लिगोरिओ या वास्तुतज्ज्ञाकडून त्याने 'व्हिला देस्ते' उभारविला. उतारावर एकाखाली एक सोपान आणि पन्नासच्या आसपास कारंजी! पाणी उसळते आहे, कोसळते आहे, एका ठिकाणी तर पाण्याच्या जोरावर ऑर्गन वाजतो आहे. आणि या सगळ्यासाठी एकही पंप नाही. आनिएने नदीचे पाणी गावाखालून खणलेल्या बोगद्यातून आणले आहे. पुढचे सारे काम उतार करतो.

परंतु मला विचारात पाडले ते त्या व्हिलाच्या पुढच्या इतिहासाने. इप्पोलितो 1572 मध्ये वारला. वारसाहक्काने वास्तू एका हातून दुसऱ्या हाती जात राहिली आणि अखेर दूरच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेली. मालक होते, पण राहणारे कोणी नव्हते. मूर्ती विकल्या गेल्या, कारंजी मुकी झाली. एकोणिसाव्या शतकात होहेनलोहे नावाच्या जर्मन कार्डिनलाने ती पडझड सावरली. त्याचा पाहुणा म्हणून संगीतकार फ्रान्झ लिस्ट तेथे राहत असे. 1877 साली त्याने त्या कारंज्यांवर पियानोची एक रचना केली, ती आजही वाजविली जाते. पहिल्या महायुद्धानंतर व्हिला इटालियन सरकारकडे आला. 1944 मध्ये त्यावर बाँब पडले, पुन्हा डागडुजी झाली. 2001 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. सांगायचे ते इतकेच, की तो ज्यांच्या रक्ताचा होता त्यांच्या हातून मोडकळीस आला आणि ज्यांचा नव्हता त्यांनी सावरला.

तेथून आम्ही रोमच्या उत्तरेस, व्हितेर्बोजवळच्या बान्याया या लहानशा गावी गेलो. 'व्हिला लान्ते' तेथे आहे. व्हितेर्बोचा बिशप कार्डिनल गाम्बारा याने 1560 नंतरच्या दशकात तो सुरू केला. इटालियन भाषेत 'गाम्बेरो' म्हणजे नदीतला झिंगा. नावाचा हा श्लेष साधून त्याने त्या आकाराच्या दगडी पन्हळीतून पाणी खेळविले आहे. खाली एक लांबलचक दगडी मेज आहे आणि त्याच्या मधोमध पाण्याचा पाट. मेजवानीच्या वेळी मद्य त्यात थंड करीत. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पंगतीच्या मधून पाट! ताकाची लोटी सोडून दिली की वाढपी नको."

या बागेत दोन चौरस वास्तू शेजारी शेजारी उभ्या आहेत, हुबेहूब सारख्या. मी त्या एकाच माणसाच्या समजत होतो. वाटाड्याने सांगितले, तसे नव्हे. गाम्बाराच्या हयातीत एकच पुरी झाली. तो 1587 मध्ये वारला. त्याच्यानंतर बान्याया मिळाले ते पोपच्या पुतणपिढीतल्या, विशीच्या आतल्या कार्डिनल मोंताल्तोला. गाम्बाराशी त्याचे काही नाते नव्हते. सत्ता होती, पैसा होता, वय तर सगळे मोडून नवे मांडण्याचे. पण त्याने दुसरी वास्तू बांधली ती पहिल्याच्या नकाशाबरहुकूम. आत भिंतींवर मात्र आपल्या काळाची चित्रे काढविली, आणि मधल्या कारंज्यावर आपले कुलचिन्ह बसविले. बाहेरून दुसऱ्याचा नकाशा, आतून आपला काळ.

त्या मेजाशी बसून मी गप्प झालो. त्याचे कारण आज प्रथमच चारचौघांत सांगतो. सातारा जिल्ह्यात आमचा एक वाडा होता. आजोबांना त्यावर धाकटी माडी चढवायची होती. त्यासाठी त्यांनी सागवानी तुळया आणून पडवीत रचून ठेवल्या होत्या. वडिलांच्या हातून ते काम झाले नाही. आम्ही चौघे भाऊ चार प्रांतांत नोकरीला. तीन वर्षांपूर्वी चौघांनी सह्या केल्या आणि वाडा विकला, तुळयांसकट. मी रक्ताचा वारस होतो. मोंताल्तो गाम्बाराचा कोणीच नव्हता.

शेवटचे ठिकाण रोमच्या आग्नेयेस. टेकडीवर सेर्मोनेताची गढी आणि पायथ्याच्या सखल भागात निन्फाचे उद्यान. दोन्ही काएतानी घराण्याची, तेराव्या शतकाच्या अखेरीपासून. मध्यंतरी बोर्जा पोपने गढी हिसकावली होती, ती 1504 मध्ये परत मिळाली. निन्फा हे एके काळी नांदते गाव होते. 1381 साली ते लुटले गेले, पुढे दलदल आणि हिवताप यांनी ओस पडले. विसाव्या शतकात जेलासिओ काएतानी या इंजिनियर वारसाने ती दलदल हटविली, पडक्या भिंती सावरल्या, आणि त्याच्या घरच्या स्त्रियांनी त्या भिंतींवर गुलाब चढविले. आज छप्पर उडालेल्या चर्चमधून वेली डोकावतात आणि मधून नितळ नदी वाहते.

त्या घराण्याची अखेरची वारस लेलिया काएतानी. तिला मूलबाळ नव्हते. ती 1977 मध्ये वारली. पण त्याआधीच, 1972 साली, एक विश्वस्त संस्था स्थापन झाली होती. बाग आणि गढी दोन्ही आज तिच्या हाती आहेत. बाग वर्षातले ठराविकच दिवस उघडते, तेही वाटाड्याबरोबर, म्हणजे झाडांना विसावा मिळतो. घराणे संपले, गुलाब फुलताहेत.

मित्रहो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ काढले, त्यांतले बहुतेकजण बदलीचे नोकर होते. त्यांची मुले आज येथे नाहीत. आपणही त्यांचे कोणी नव्हे. कार्यालयात टांगलेल्या मूळ नकाशात वरच्या मजल्यावर ग्रंथालय दाखविलेले आहे. प्रत्यक्षात तेथे आज पत्र्याची शेड आहे आणि पुस्तके मुदपाकखान्याशेजारच्या कपाटात. ते ग्रंथालय व्हावे. बाहेरून त्यांच्या नकाशाप्रमाणे. आत मात्र आपल्या मुलांना हवे ते, हव्या त्या रूपात असावे. भिंतीवरची चित्रे त्यांची त्यांनी काढावीत.

मी स्वतः चार वर्षांनी निवृत्त होऊन येथून जाईन. वाड्याच्या विक्रीतून माझ्या वाट्याला आलेली रक्कम आजवर तशीच पडून होती, तिला हात लावावासा वाटला नाही. तिचा काही भाग आज सकाळी मी खजिनदारांच्या स्वाधीन केला आहे. आकडा विचारू नये. त्यातून वरच्या मजल्याच्या तुळया याव्यात, एवढीच इच्छा आहे. आणि या खेपेस त्या पडवीत पडून राहू नयेत.