‘घरी काय करतात?’ : कपड्यांच्या दुकानातली मुलाखत आणि आपली जात

(निपाणी, चिकोडी, भालकी, औराद भागातून कामासाठी बेंगळुरूला आलेल्या तरुण मुलामुलींसमोर शिवाजीनगर इथे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मुलाखतीला कसं जायचं यावर दहा-पंधरा मिनिटं बोला, असं मला सांगितलं होतं. तुमच्यातल्या तिघी-चौघींच्या मुलाखती याच आठवड्यात आहेत आणि त्या कपड्यांच्या दुकानांत आहेत, हे आत्ता इथे आल्यावर कळलं. बरं झालं. मला दुसऱ्या कुठल्या मुलाखतीचा अनुभवच नाही. गेली अकरा वर्षं मी याच भागात साड्या आणि ड्रेस मटेरियल विकते.

मी निपाणीची. १९२५ साली बाबासाहेब परिषदेसाठी आमच्या गावी आले होते, हे आमच्या गल्लीत प्रत्येक पोराला माहीत असतं. आई आधी तंबाखूच्या वखारीत जायची, मग घरी विड्या वळायला लागली. बारावीनंतर मी इकडे आले. शिवाजीनगर हे नाव ऐकून वाटलं होतं, तिथे सगळे मराठी बोलत असतील. बसस्टँडवर उतरले तर कानावर दखनी, तमीळ आणि कन्नड. रसेल मार्केटात एक बाई भाजीवाल्याला ‘नक्को’ म्हणाली तेव्हा जरा धीर आला. आपलाच ‘नको’ तो!

पहिली मुलाखत कमर्शियल स्ट्रीटच्या बाजूच्या एका गल्लीत झाली. दारावर ‘सेल्सगर्ल पाहिजे’ असा कागद होता. दुकानाचं नाव सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. मालकांनी एक साडी उलगडून टाकली आणि घडी घाल म्हणाले. घातली. साडेतीन मीटरचे एकशे चाळीसच्या भावाने किती झाले? सांगितले. कन्नड बोलून दाखव, हिंदी बोलून दाखव. झालं. मला वाटलं, मुलाखत संपली. ती खरी तिथून सुरू झाली. नेटिव्ह कुठलं? पूर्ण नाव काय? इथे कुणाकडे राहतेस? घरी काय करतात? घरी नॉनव्हेज चालतं का?

मी तयारीने गेले होते. आडनाव कांबळे न सांगता निपाणीकर सांगितलं. मार्कशीट गावाकडे राहिली म्हणाले. आईचा तंबाखूचा धंदा आहे, असं सांगितलं. हे तर अर्धं खरंच होतं, नाही का? दुसऱ्या दिवशीपासून काउंटरला उभी राहिले.

नोकरी मिळाली, पण ती मुलाखत पुढे आठ महिने चालू राहिली. डबा उघडताना मुलाखत. कुणी ‘तुमच्यात लग्नात काय करतात?’ विचारलं की मुलाखत. एप्रिलमध्ये चौदा तारखेला सुट्टी मागायची, तर कारण काय सांगायचं? पोट दुखतंय म्हणाले. जयंतीच्या दिवशी खोलीत दार लावून झोपून राहिले.

मग एके दिवशी आई आली. न कळवता आली, हातात पिशवी, पिशवीला तंबाखूचा वास. दुकानात शिरली आणि माझ्याकडे बघून हसली. शेजारच्या मुलीने विचारलं, कोण गं? मी म्हणाले, गावाकडच्या ओळखीच्या आहेत. आईने ते ऐकलं. तिला काय समजायचं ते समजलं. ती काउंटरपाशी आली आणि म्हणाली, “ताई, ब्लाऊजपीस दाखवा की. हा नको, दुसरा रंग.” मी पाच-सहा रंग काढले. तिने एक घेतला, पैसे मोजून दिले आणि संध्याकाळपर्यंत चर्चबाहेर बसून राहिली. रात्री खोलीवर आम्ही जेवलो. त्यावर ती काही बोलली नाही, आजवर बोललेली नाही.

पुढच्या महिन्यात मी ते काम सोडलं.

हे सगळं माझ्या एकटीच्या भित्रेपणामुळे झालं असं मला बरीच वर्षं वाटायचं. नंतर अभ्यास वाचायला मिळाले. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त नाव वेगळं. काही नावं सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. माणूस अजून समोर आलेलाही नाही, नुसतं पाकीट आलंय! त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी पंचवीस एचआर मॅनेजरांशी बोलून लिहिलं. आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो, असंच ते सांगत होते. पण मुलाखतीत ‘फॅमिली बॅकग्राउंड’ मात्र विचारत होते आणि त्यावरून माणूस कसा असेल ते ठरवत होते. ‘घरी काय करतात?’ या प्रश्नाचं इंग्रजी नाव एवढंच ते.

आणि कपड्याशी आपलं नातं काही आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं हजारोंनी होती, पण विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे त्यांना घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो उष्टा धोटा दुसरा कामगार कसा तोंडाला लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असं कामगार पुढाऱ्यांना बजावलं, तेव्हा कुठे त्यांनी ती नाखुषीने मान्य केली. लाल बावटा हातात घेतलेल्यांनासुद्धा धोटा सोडवत नव्हता. आज धोटा नाही, पण काउंटर आहे. कुणी साडी गिऱ्हाईकाच्या खांद्यावर टाकून दाखवायची आणि कुणी मागे गोडाऊनमध्ये गठ्ठे फोडायचे, हे अजून ठरवलं जातंच.

माझ्या दुसऱ्या मुलाखतीत तेच झालं. दुकान मोठं होतं, छापील फॉर्म होता. मी कांबळे लिहिलं. आई : विडी कामगार. मॅनेजरने फॉर्म वाचला आणि विचारलं, गोडाऊनला चालेल का? मी म्हणाले, जाहिरात काउंटरची होती, ती जागा भरली का? नाही, पण काउंटरला प्रेझेंटेबल लागतात, असं उत्तर मिळालं. आठ महिने काउंटर सांभाळून आलेली मी एका फॉर्मवर अनप्रेझेंटेबल झाले. खोलीचं भाडं थकलं होतं, म्हणून गोडाऊन घेतलं. चौदा महिने तिथे काढले. मग रमजानची गर्दी आली, ईदच्या आधीच्या आठवड्यात काउंटरला माणसं कमी पडली आणि मला पुढे बोलावलं. त्या आठवड्यात माझी विक्री सगळ्यांत जास्त झाली, म्हणून तिथेच ठेवलं. कुणाचं मन बदललं असं समजू नका. शिवाजीनगरात त्या दिवसांत उभं राहायला जागा नसते.

आता तुम्ही विचाराल, मग आडनाव सांगायचं की लपवायचं? आपल्यातले काही जण लपवणाऱ्यांना फार बोलतात. मी बोलणार नाही. ज्याच्या डोक्यावर भाडं आहे त्याने ठरवावं. फक्त किंमत माहीत असू द्या, आणि ती एकट्याने भरावी लागत नाही हेही. माझी आईने भरली.

कायद्याचं थोडं सांगते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही नोकरीत आडकाठी करणं हा गुन्हा आहे. पण ‘प्रेझेंटेबल’ हा शब्द कुठल्या कलमात पकडणार? खाजगी दुकानाला आरक्षण लागू नाही. म्हणून जे कागदावर मिळू शकतं ते तरी सोडू नका. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याप्रमाणे मालकाने तीस दिवसांत नेमणुकीचं पत्र द्यायचं असतं, त्याला फॉर्म क्यू म्हणतात. कामाचं पद त्यात लिहून घ्या. काउंटर म्हणून घेतलं आणि झाडू हातात दिला, तर दाखवायला कागद हवा. दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, आठवड्याला एक सुट्टी. ओरिजिनल मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका. आमच्या एका मुलीची सात महिने अडकली होती आणि पगार बुडवूनही तिला काम सोडता येत नव्हतं.

बसण्याचंही विचारा. हसतील, तरी विचारा. केरळात विजी पेनकूट्टू आणि दुकानांतल्या बायकांनी लढून २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही आणला. आपल्याकडे अजून दहा-दहा तास उभ्याने जातात. माझ्या पायांच्या शिरा दाखवल्या तर तुम्ही घाबराल.

‘घरी काय करतात?’ विचारलं तर काय म्हणायचं, याचा सराव आपण आत्ता करू. दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीने मालक व्हायचं, आणि मालक झालात म्हणून दयामाया दाखवायची नाही, तिथे कुणी दाखवत नाही. गुरुवारी जिची मुलाखत आहे तिने आधी या. मार्कशीटच्या झेरॉक्स आणल्यात ना? नसतील तर खाली कोपऱ्यावर दुकान आहे, नऊपर्यंत उघडं असतं.