सुई देण्याआधी



भूम-परंड्याकडून पहाटेची एसटी धरून माणसं लेकराला दातासाठी शहरात आणतात. अकराच्या सुमारास मी विचारते, काय खाल्लंय? आई म्हणते, "काहीच दिलं नाही मॅडम, इंजेक्शन आहे ना." पण दाढेपुरती भूल द्यायची असेल तर मूल जेवलेलं हवं. रिकामं पोट, त्यात सुईची धास्ती. लेकराला दरदरून घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो, शुद्ध हरपते. खुर्ची आडवी करून पाय उंच धरले की बहुधा थोड्याच वेळात ते डोळे उघडतं. पुरतं भानावर आल्यावरच साखरपाणी द्यायचं. गुंगी देऊन उपचार करायचे असतील तर मात्र सांगितलेले तास उपाशीच ठेवा. नाहीतर उलटी श्वासनळीत जाऊ शकते.

सुई देण्याआधी मी लेकराचं वजनही करते. भुलीचं औषध असलेल्या साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरतात. १५ किलोच्या लेकराला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्के औषधाचे फक्त ३.३ मिलिलिटर. त्याहून जास्त गेलं तर झटके येऊ शकतात. "लांबून आलोय, सगळ्या दाढा आजच काढा" हा आग्रह म्हणूनच मी मानत नाही. तुमचं एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी मला कळते, तरीही नाही.

सात वर्षांची एक मुलगी आठवते. आधी काही आजार आहे का, विचारलं तर आजीनं मान हलवली, नाही. खुर्चीतच मुलीला फिट आली. तोंडातली हत्यारं, कापूस काढला, तिला कुशीवर वळवलं, घड्याळ पाहिलं. पाच मिनिटांवर लांबली तर धोका, म्हणून १०८ला फोन लावायला सांगितलं. आजीनं चप्पल नाकाशी धरली, आई दातात घालायला चमचा मागू लागली. दोघींना मागं सारलं. चपलेनं फिट थांबत नाही, चमच्यानं दात तुटतो, श्वास अडकतो. दोन मिनिटांनी झटका ओसरला. आजी रडत म्हणाली, "पोरीची जात, पुढं सोयरीक जुळायची नाही, म्हणून बोलले नाही." मला राग आला नाही, पोटात तुटलं.

फिट, दमा, हृदयाला छिद्र, औषधाची ॲलर्जी, जे असेल ते डॉक्टरच्या कानात सांगा. दम्याचा पंप सोबत आणा.

ती मुलगी पुन्हा आली तेव्हा आजीनं पिशवीतून गोळ्यांची चिठ्ठी काढून आधी माझ्या हातात दिली, मग नातीला खुर्चीत बसवलं.