बाविसाव्या वर्षापर्यंतचा संघ

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, दक्षिण सस्कॅचेवान नदीच्या दोन्ही तीरांवर सॅस्काटून नावाचे शहर वसले आहे. क्री भाषेत एका जांभळ्या रानफळाला जे नाव आहे, त्यावरून शहराचे हे नाव पडले. 2021 च्या शिरगणतीप्रमाणे येथील वस्ती सुमारे 2 लाख 66 हजार. सभोवार धान्याची सपाट, अफाट शेते. या शहराला व्यावसायिक फुटबॉलचा संघ नाही. तो आहे प्रांताच्या राजधानीत, रिजायना येथे. तथापि सॅस्काटूनच्या रहिवाशांना त्याची उणीव फारशी भासत नसावी. कारण त्यांच्यापाशी ‘हिलटॉप्स’ हा तरुणांचा संघ आहे.

भारतात फुटबॉल म्हटले की पायाने खेळावयाचा गोल चेंडू डोळ्यांपुढे येतो. हा फुटबॉल निराळा. याचा चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन धावावयाचे किंवा साथीदाराकडे फेकावयाचा. आणि प्रतिपक्षाने चेंडू नेणाऱ्याला कवेत धरून भुईवर पाडावयाचे. कॅनडातील प्रकारात प्रत्येक बाजूला 12 गडी असतात. 3 प्रयत्नांत 10 यार्ड भूमी जिंकता आली नाही, तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. प्रथमदर्शनी ही नुसती झोंबाझोंबी वाटते. वस्तुतः प्रत्येक चाल आधी ठरविलेली आणि सरावाने घोटलेली असते.

हिलटॉप्सची स्थापना 1921 मधली. प्रारंभी तो प्रौढांचा संघ होता. 1947 साली, म्हणजे भारत स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्याला तरुणांच्या संघाचे रूप मिळाले, आणि 1953 मध्ये त्याने पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. 1998 मध्ये टॉम सार्जंट मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यानंतर संघाचा मोठा उत्कर्ष झाला. 2010 ते 2012 अशी ओळीने 3 अजिंक्यपदे आली. 2013 साली शेजारच्या रिजायनाच्या ‘थंडर’ संघाने ती मालिका खंडित केली. पण 2014 ते 2019 या 6 वर्षांत हिलटॉप्सने पुन्हा एकदाही चषक हातचा जाऊ दिला नाही. 2020 मध्ये महामारीमुळे स्पर्धाच झाली नाही.

या यशाचे मर्म शोधू लागले की दृष्टी मैदानाबाहेर वळते. कॅनडातील या तरुण संघांत साधारणतः 17 ते 22 वर्षे वयाचे खेळाडू असतात. कोणी शिकत असतो, कोणी नोकरीत असतो; दिवसाचे काम उरकून सायंकाळी सरावाला यावयाचे. हिलटॉप्सचे खेळाडू बहुतांशी शहरातल्या आणि परिसरातल्या शाळांतूनच आलेले असतात. त्यांच्या मैदानावर शहरातील लहान मुलांचे सामनेही होतात. आठ-दहा वर्षांचे पोर जेथे प्रथम चेंडू झेलते, तेथेच मोठेपणी हिलटॉप्सचा पोशाख चढविण्याचे स्वप्न ते पाहते. हंगाम ऑगस्टात सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो. अखेरच्या सामन्यांना पारा शून्याखाली उतरलेला असतो. तरी कांबळी लपेटून आईबाप, शिक्षक, शेजारी बाकांवर बसतात. तिकिटे देणारे, सामान वाहणारे, जेवण रांधणारे हात बहुधा बिनपगारीच असतात.

अशा प्रेमाच्या पोटी एक जबाबदारीही येते. शिरस्त्राणाने कवटी वाचते. आतल्या मेंदूला बसणारा हिसका मात्र त्याने टळत नाही. डॉ. बेनेट ओमालू यांनी 2002 साली माइक वेब्स्टर या दिवंगत अमेरिकी खेळाडूच्या मेंदूची तपासणी केली आणि 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारंवारच्या आघातांनी मेंदूची कायमची हानी होऊ शकते, हे त्यानंतर क्रीडाजगताला नाकारता येईनासे झाले. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात रग्बी खेळणारी एक शाळकरी मुलगी 2013 मध्ये मेंदूच्या दुखापतीने मरण पावली. त्यानंतर तेथे 2018 साली कायदा झाला. अशा दुखापतीचा नुसता संशय आला तरी खेळाडूला मैदानाबाहेर काढावयाचे, हे त्याचे मुख्य सूत्र. कायदा एका प्रांताचा असला, तरी त्यातील शहाणपण सर्वांनाच लागू आहे. सामना हातचा जात असताना उत्तम गड्याला बाहेर बसविणे प्रशिक्षकाला जड जाते, आणि बाकांवरच्या गर्दीलाही रुचत नाही. नेमकी तेथेच गावाच्या मायेची परीक्षा होते.

कारण वयाची मर्यादा ओलांडली की प्रत्येक खेळाडूला हा पोशाख उतरवावाच लागतो. थोडेच पुढे व्यावसायिक संघांत जातात. उरलेले त्याच शहरात शिक्षक, सुतार, शेतकरी, व्यापारी होतात आणि काही वर्षांनी आपल्या मुलाचा हात धरून त्याच मैदानावर येतात. चषक कपाटात राहतात. माणसे मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षे गावात वावरावयाची असतात. ती धडधाकट शरीराने आणि शाबूत बुद्धीने परतली, तरच त्या चषकांचे मोल.