परमुलखी रोजगाराला निघण्यापूर्वी

बुटीबोरीच्या कारखान्यांत वेल्डर किंवा फिटर म्हणून हात बसलेला मुलगा एके दिवशी घरी येतो अन् म्हणतो, "बाबा, परदेशात काम भेटून राहिलं, पगार इथल्या तिप्पट." घरात आनंद होतो. पगार सगळे विचारतात. देश कोणता आणि तिथे सध्या काय चालले आहे, हे फारसे कुणी विचारीत नाही.

देश शांत दिसतो म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा तिथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. आदल्या रात्री ते नेहमीसारखे झोपले होते! बहुतेकांना वाळवंट तुडवून जॉर्डनमधले अम्मान गाठावे लागले. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी त्यांना मुंबईस आणले. जीव वाचला, पण कित्येकांची वर्षांची पुंजी तिथल्या बँकेतच राहिली. म्हणून पगार महिन्याच्या महिन्याला घरी धाडलेला बरा.

सगळ्यांच्याच वाट्याला परतीचे विमान येत नाही. जून २०१४ मध्ये इराकमधील मोसुल शहर अतिरेक्यांच्या हाती पडले आणि तिथे बांधकामावर असलेले ४० भारतीय मजूर पळवले गेले. एक निसटला. उरलेले ३९ मारले गेल्याचे सरकारने मार्च २०१८ मध्ये संसदेत सांगितले. जवळपास चार वर्षे त्यांच्या घरची माणसे वाट पाहत होती. शेवटी नातलगांच्या रक्ताशी नमुने जुळवून अवशेषांची ओळख पटवावी लागली.

आता कागदांकडे वळू. दहावी न झालेल्या माणसाला इराक, येमेन, सुदान, कुवेत अशा देशांत नोकरीसाठी जायचे तर १९८३ च्या कायद्याने सरकारची परवानगी लागते. त्यासाठी करारपत्र तपासले जाते आणि १० लाखांचा विमा उतरवला जातो. मुख्य म्हणजे, हा माणूस कुठे, कुणाकडे गेला याची सरकारदरबारी नोंद राहते. दलाल नेमके हेच चुकवतो. "फिरायला म्हणून चल, तिथं गेल्यावर कागद करू," म्हणतो. असा माणूस तिथे मजूर असतो अन् कागदावर पाहुणा! गोळीबार सुरू झाला, मालक पळाला, तर वकिलातीने त्याला शोधायचे कुठे?

गुरुजी, मुलाचे आईबाप तो कागद घेऊन तुमच्याकडेच येतील. व्हिसा नोकरीचा की भेटीचा, ते आधी पाहा. दलालाचा परवाना क्रमांक मागा आणि शासनाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर ताडून घ्या. परवानाधारक दलालालाही ३० हजार रुपये आणि त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. लाखाची गोष्ट करणाऱ्याला ओसरीवरूनच परत पाठवा. मुलगा निघालाच, तर पोचल्याबरोबर त्याने वकिलातीत नाव नोंदवावे. पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्राची एकेक प्रत, त्याच्या मुक्कामाचा पत्ता लिहून, घरच्या पेटीत ठेवावी.