अर्धी ओवी



आज आपण जात्याविषयी बोलू. आता दळण गिरणीवर जातं. जातं कोपऱ्यात पडून आहे. पण तुमच्यातल्या वडीलधाऱ्या बायांनी पहाटे उठून दळलेलं आहे. त्यांना विचारा.

जात्यावर दोघी समोरासमोर बसत. खुंटा एक, हात दोघींचे. एकीनं ओवीची पहिली ओळ म्हणावी. दुसरीनं ती धरावी, घोळवावी. तेवढ्यात पुढची ओळ सुचे. कधी पहिलीला सुचे, कधी दुसरीला. ‘थांब गं, आधी पुरी ओवी जमवते, मग म्हणते,’ असं कोणी म्हणत बसलं नाही. म्हटलं असतं, तर पीठ झालं असतं, ओवी झाली नसती.

मग ती ओवी लेकीबरोबर सासरी जाई. तिथं तिच्यात दुसरं गाव येई, दुसरी नदी येई. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी आपल्या सोबत्यांसह गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख, बरं का!

तमाशातलंही तसंच. वगाची गोष्ट ठरलेली असे, पण बोलणं पुष्कळदा उभ्या उभ्या रचत. सोंगाड्यानं एक टाकावं, दुसऱ्यानं ते उचलावं. लोक हसले, की ते उद्याच्या खेळातही राही.

आता आमची एक चूक सांगतो. एका गावी आम्ही रात्रीचा वर्ग चालवत होतो. उन्हाळा होता. विहिरीत गाळ भरला होता. वर्गातल्या एका बाईनं वहीत एक ओळ लिहिली आणि वही पदराखाली झाकली. म्हणाली, “गुरुजी, अजून पुरी झाली न्हाई.” आम्ही वही मागून घेतली आणि लाल पेन्सिलीनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं वही आणणंच बंद केलं. जात्यावर जिला कधी लाज वाटली नाही, तिला कागदावर वाटली. ती लाज आम्हीच शिकवली होती.

आठ दिवसांनी आम्ही फळ्यावर आमचाच अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीला, गाळ काढण्याविषयी. चार ओळी लिहिल्या आणि खडू ठेवला. म्हटलं, “पुढं सुचत नाही. काय लिहू?” चुकलं काय, हे विचारलं नाही. पुढं काय, एवढंच विचारलं.

एक म्हातारबुवा म्हणाले, “गाळ किती हात हाय, ते घाला की!” दुसऱ्यानं सांगितलं, किती घरं तिथं पाणी भरतात ते लिहा. खाडाखोड पुष्कळ झाली, पण अर्ज आम्ही एकट्यानं लिहिला असता त्याहून बरा झाला.

तेव्हा त्या बाईनं आपली ओळ म्हटली:

दोर माझा तोकडा, पाणी गेलं गं तळाला

मागं एक आजी बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं. ती लगेच म्हणाली:

जोड माझ्या दोराला, ओढू दोघी घागरीला

गाळ काढताना बायांनी हीच ओवी म्हटली. फक्त घागर म्हणायचं की कळशी, यावरून त्या विहिरीवर अजून भांडण चालू आहे.