वेगळा राहणारा नवरा धमक्या देतोय: स्वसंरक्षणाचा हक्क कुठे सुरू होतो, कुठे संपतो?

मागच्या भागानंतर एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. आठ महिने त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहतायत, घटस्फोट अजून नाही. तो रात्री फोन करून म्हणतो, "येऊन बघतोच तुला." त्यांचा प्रश्न सरळ होता: तो आला आणि मी हाताला लागेल ते मारलं, तर जेलमध्ये मीच जाणार का?

तर ताई, स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांना आहे, बाईला आणि पुरुषालाही. आधी तो दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. पहिला वार अंगावर पडेपर्यंत थांबायची गरज नाही. धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो. हल्ल्यात जीव जाईल, गंभीर इजा होईल, बलात्कार होईल, ॲसिड फेकलं जाईल अशी भीती असेल, तर तुमच्या प्रतिकारात समोरचा मेला तरी तो गुन्हा नाही. हे कलम 38. आणि घाबरलेलं माणूस मोजूनमापून थोडंच मारणार? असा प्रतिकार सोन्याच्या तराजूत तोलायचा नसतो, असं सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय.

पण कलम 37 पण वाचा. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता, तर हा हक्कच मिळत नाही. तो दार तोडून आत घुसतोय, ही एक गोष्ट. तो शिव्या देऊन जिना उतरतोय आणि तुम्ही मागून डोक्यात वरवंटा घातलात, ही वेगळी. तिथे धोका संपलेला असतो, हक्कही संपतो. फोनवरच्या धमकीसाठी दुसऱ्या दिवशी त्याला गाठून मारणं तर लांबच राहिलं. शिवाय स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. सरकारी पक्षाइतका पक्का पुरावा लागत नाही, पण काहीतरी हातात हवं ना!

म्हणून खरं काम तो दारात यायच्या आधीचं. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा आहे. वेगळं राहायला लागलं की तो लागू नाही, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाहीये. पूर्वी एका घरात राहिला असाल तरी चालतो. तात्पुरतं माहेरी असाल तर तिथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कलम 18 खाली संरक्षण आदेश मिळतो: फोन करायचा नाही, ऑफिसात यायचं नाही. धोका दिसत असेल तर कलम 23 प्रमाणे त्याचं म्हणणं ऐकायच्या आधीही अंतरिम आदेश निघू शकतो. त्याने तो मोडला की दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असो.

पुरुष श्रोत्यांसाठी: ह्या कायद्याखाली नवऱ्याला अर्ज करता येत नाही. बायको धमकावत असेल तर कलम 351, म्हणजे धमकीची तक्रार, हा रस्ता आहे.

आता फोनचं. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. नुसते स्क्रीनशॉट ठेवून जुना हँडसेट विकू नका, मूळ फोन जपा. कोर्टात प्रिंट दिली तर सोबत सर्टिफिकेट लागतं, ते वकिलाकडून करून घ्या. पोलीस बऱ्याचदा नुसती एनसी लिहून घेतात. घ्या, पण प्रत मागा. तारखांसकट तीन एनसी असल्या की धमक्या आधीपासून चालू होत्या हे कागदावर दिसतं.

आणि रात्री दार वाजलं तर उघडायचं नाही. आधी 112, मग शेजारी. महिला हेल्पलाइन 181. शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा, लाज कसली त्यात?

पुढच्या भागात पोटगी. प्रश्न पाठवत राहा.