पट्ट्याचा वळ



मोटारीत पट्टा बांधावा की नाही, हा वाद आम्हास येथे घालावयाचा नाही. तो बांधावाच. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हा मागच्या आसनावर त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. आज बोलावयाचे आहे ते पट्टा बांधला म्हणून जे वाचले, त्यांच्याविषयी.

खांद्यावरून व कमरेवरून जाणारा आजचा पट्टा स्वीडनच्या नील्स बोलिन यांनी 1959 मध्ये मोटारीत आणला. त्याचा खालचा पदर कमरेच्या हाडांवर बसावयास हवा. तो वर मऊ पोटावर सरकला, किंवा जुन्या गाड्यांच्या मधल्या आसनाला असे तसा नुसता कमरेचा पट्टा असला, म्हणजे धक्क्यासरशी माणूस पुस्तक मिटावे तसा त्यावर मिटतो. आतडे पट्टा आणि कणा यांच्यामध्ये चेंगरते. कमरेच्या वरच्या अंगाचा मणका मागून उघडत आडवा दुभंगतो. या अस्थिभंगाचे वर्णन 1948 साली चान्स नावाच्या डॉक्टरांनी केले. या दोन दुखापती पुष्कळदा जोडीने येतात. एक सापडली की दुसरी शोधावीच. मुलांची कमरेची हाडे पुरती वाढलेली नसतात, म्हणून त्यांना धोका अधिक.

आणि फुटलेले आतडे लगेच बोलत नाही! द्रुतगती मार्गावर खालापूरपाशी गाडी आदळते, गृहस्थ खाली उतरतो, चहा घेतो, दुसऱ्या गाडीने पुण्यास येतो. रात्री पोट फळीसारखे कडक होते. पहिल्या सीटी स्कॅनमध्येदेखील ही जखम कधी निसटते. म्हणून पोटावर पट्ट्याचा आडवा निळसर वळ दिसला की आम्ही रोग्यास ठेवून घेतो आणि पोट पुनःपुन्हा चाचपतो. नातेवाइकांना वाटते, डॉक्टर खाटेचे भाडे वाढवीत आहेत. वाटो बापडे.

अशा माणसास काखेत हात घालून ओढू नये. डोके, धड, पाय एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे. रुग्णालयात मान पहिला रक्तस्रावाचा. मग आतडे शिवावयाचे, किंवा निकामी तुकडा काढून टोके जोडावयाची. कण्याची पाळी बहुधा त्यानंतर. चीर केवळ हाडातून गेली असेल, तर पाठ किंचित मागे झुकलेली ठेवणारे प्लास्टर वा कमरपट्टा पुष्कळदा पुरतो. मणके बांधणारे बंध तुटले असतील, तर स्क्रू आणि सळया. पायांची बोटे हलतात का, हे मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच पाहून लिहून ठेवावे लागते. भूल दिल्यावर रोग्यास ते विचारता येत नाही.